लिंबाखालची माती

चैत्र सरत आला की हिरवळीतला तो तुकडा पिवळा पडू लागायचा. पाळण्याएवढा तुकडा. बाकीचं गवत सकाळ-संध्याकाळच्या पाण्यावर तग धरून राहायचं. पण क्लबहाउसच्या पायऱ्या उतरल्यावर डाव्या हाताला, लोखंडी बाकाच्या पुढं, पाती आधी मऊ पडायची, मग टोकांकडून तांबूस व्हायची आणि वैशाख लागेपर्यंत जमिनीला चिकटून बसायची. सांडू तिथं नळी जरा जास्त वेळ धरायचा. चाळलेलं शेणखत टाकायचा. पाऊस पडला की बाजूच्या गवताचे गड्डे काढून तिथं लावायचा. पावसाळाभर सगळं एकसारखं हिरवं दिसायचं. उन्हाळ्यात पुन्हा तेच.

त्याला कारण माहीत होतं. तिथं माती वीतभरच होती. खाली दगड होते, आणि ते दगड त्यानंच रचलेले होते.

त्या सकाळी तो नळी धरून उभा होता. कंपाउंडच्या जाळीपलीकडं रस्त्याच्या कडेला वाडीतल्या बाया हंडे मांडून टँकरची वाट बघत बसल्या होत्या. फुलंब्रीहून येणाऱ्या टँकरला नेहमीसारखा उशीर झाला होता. वसाहतीचे टँकर उजाडताच टाकीत रिकामे होऊन गेले होते.

"सांडूभाऊ," भागूबाई जाळीला तोंड लावून म्हणाली, "पाज बाबा, पाज. गवत लई तान्हेलं दिसतंय."

"सांगितलंय तेवढं करतो, वहिनी."

"मग आमच्याबी अंगावर मार की एकदा. गवत समजून."

बाया हसल्या. सांडूही हसल्यासारखं करून पाठमोरा झाला.

वसाहतीचं नाव स्वस्थछाया असं होतं. वाडीतली माणसं तिला म्हातारवाडी म्हणत. पुण्याहून, मुंबईहून, नाशिकहून निवृत्त माणसं इथं राहायला आली होती. हवा कोरडी, मागं डोंगर, संभाजीनगरचे मोठे दवाखाने अर्ध्या तासावर. बहुतेकांची मुलं परदेशात होती. जमीन वाडीतल्या चार घरांची, आणि त्यातला मधला तुकडा सांडूचा. विकताना घरटी दोघांना काम द्यायचं ठरलं होतं. त्याप्रमाणं सांडू माळी झाला आणि त्याची बायको सारजाबाई लक्ष्मीबाई नावाच्या एका म्हाताऱ्या बाईंना सांभाळू लागली. कामाच्या माणसांनी मागच्या फाटकानं यायचं, बाकांवर बसायचं नाही, थंड पाण्याच्या मशीनला हात लावायचा नाही, असं समितीचं सांगणं होतं. कुणी ते रागावून सांगितलं नव्हतं. क्लबहाउसबाहेरच्या फळ्यावर सुरेख अक्षरात लिहिलेलं होतं. वाडीत कुणाच्या हळदीला गाणी वाजली की वसाहतीतून पोलिसांना फोन जाई, आणि दुसऱ्या दिवशी वाडीतली शेळी हमखास वसाहतीच्या जास्वंदीत सापडे.

आप्पासाहेब पायऱ्या उतरून आले. ते समितीचे अध्यक्ष. गुडघ्यांमुळे प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवून उतरत.

"सांडू, नळी बाजूला धरा जरा. इकडे या." त्यांनी काठीचं टोक पिवळ्या तुकड्यावर टेकवलं. "इथं गवत धरतच नाही ना?"

"धरतंय साहेब. पावसाळ्यात धरतंय."

"मी आल्यापासून बघतोय. धरत नाही. तर आता इथं झाड लावायचं. पारिजातक." त्यांनी बाकाकडं बघितलं. "मंगळवारी हिचं वर्षश्राद्ध आहे. सगळी रक्षा मी गंगेत सोडली नाही, थोडी ठेवलीय. ती खड्ड्यात घालू आणि वर झाड. एक छोटी पाटी लावू. समितीनं होकार दिलाय."

काठीचं टोक अजून तिथंच होतं. सांडू त्या टोकाकडं बघत राहिला.

"वैशाखात झाड जगायचं नाय साहेब. मिरगात लावू."

"तारीख काय माझ्या हातात आहे?"

"मग तिकडं कोपऱ्यात लावू. सावली हाय. हितं खाली दगड हायेत."

"तुम्हाला काय माहीत?"

सांडूनं नळीचं तोंड अंगठ्यानं दाबून धरलं. "रान आमचंच व्हतं ना."

"मग काढा की दगड. नर्सरीवाला खड्ड्याचं मशीन आणतोय, दहा मिनिटांचं काम." मग त्यांचा आवाज उतरला. "तिला याच बाकावर बसायला आवडायचं हो. समोर काय तर हा उजाड तुकडा. म्हणायची, इथं काहीतरी लावा."

ते निघून गेले. सांडूनं अंगठा काढला. नळीतलं कोंडलेलं पाणी एकदम पायांवर आलं.

दुपारी तो भाकरी खायला मागच्या फाटकाशी गेला. तिथं एक जुना कडुलिंब होता. त्याच्या सावलीत कामाची माणसं बसत. फाटकावर हबीब वॉचमन होता. त्याच्या बापाचं रान सांडूच्या रानाला लागून होतं आणि तेही आता वसाहतीत गेलं होतं.

"मशीन आणणार हायेत," सांडू म्हणाला.

हबीबचा घास हातात राहिला. "कुठं? तिथंच?"

"तिथंच."

हबीबला आणखी सांगायची गरज नव्हती. त्या दिवशी पहार त्याच्याच खांद्यावर होती. सांडूचं पहिलं लेकरू, मुलगा, दात यायच्या आधीच तापानं गेलं. दात न आलेल्या लेकराला जाळत नाहीत. बापानं दोन्ही हातांवर न्यायचं, आपल्या रानाच्या बांधाला पुरायचं, कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून वर दगड रचायचे आणि बोरीच्या फांद्या टाकायच्या. खूण ठेवायची नाही. आईनं बरोबर यायचं नाही आणि तिला जागाही दाखवायची नाही. दाखवली तर ती तिथंच जाऊन बसते, मग पुढचं लेकरू राहत नाही, असं म्हणत. सारजाबाईला एवढंच माहीत होतं की बांधाला आहे.

पुढं बन्सी झाला, तो जगला, आता चितेगावच्या कंपनीत होता. रान विकलं. सपाटीकरणाची मशिनं आली तेव्हा सांडू लग्नाला परगावी गेला होता. परत आला तर बांध नाही, बोर नाही, बाभळी नाहीत. त्यांचं जुनं घर होतं आणि पुढं क्लबहाउस झालं, तिथून त्यानं पावलं टाकत अंदाज घेतला आणि पहारीचं टोक हळूच मातीत घालून बघितलं. दगड लागला. मशीननं फक्त वरचं वर ओढून नेलं होतं. संध्याकाळी सारजाबाई धापा टाकत आली. "कुठंय? बांध कुठंय?" त्या सपाट झालेल्या शिवारात एकच झाड उभं होतं. सांडूनं त्याच्याकडं बोट केलं. "त्या लिंबाखाली." ती तिथं जाऊन बसली. तेव्हापासून दर आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती लिंबाच्या बुडाला तांब्याभर पाणी घालत आली होती.

"भाभीला खरं सांग," हबीब म्हणाला. "न्हायतर सायबाला सांग."

"काय सांगू? साहेब, तुमच्या हिरवळीत मढं हाय?"

"तसंबी सगळे मरायलाच आल्यात हितं. त्यांना काय का डर?"

सांडू हसला नाही. "सायबाला सांगितलं तर सांजच्याला सगळ्या म्हातारवाडीला कळंल. मग सारजाला कळंल. इतकी वरसं झाली रे. ती हितं बसून त्याच्याशी बोलती, हबीब. मी पाठमोरा हून काम करतो."

हबीबनं पाण्याची बाटली त्याच्यापुढं सरकवली. "आमच्यात निदान उशाला एक पत्थर ठिवत्यात."

"तुमच्यात ठिवत्यात," सांडू म्हणाला.

संध्याकाळी सारजाबाई घरी आली ती पिशवीत काहीतरी लपवून. चुलीपुढं बसून तिनं पिशवी उघडली. आत आखितीला पितरांच्या नावानं पाणी भरायचा नवा मातीचा करा होता आणि पाण्याची मोठी बाटली.

"फिल्टरचं हाय. लक्ष्मीआईनी दिलं. म्हनल्या, फाटकावर कुणी बघितलं तर माझं नाव सांग. आखिती बुधवारीच आली न्हवं. टँकरच्या पान्यात तर आळ्या निघाल्या औंदा." बाटली तिनं भांड्यांमागं सरकवून ठेवली. "मोठ्या मानसांचा करा घरात भरते. लिंबाखाली हे न्यायचं."

लहान लेकरासाठी कुणी पाणी भरत नाही. सासूनं हयातीत तिला त्यावरून बोलही लावले होते. सांडू पायाच्या भेगांत तेल चोळत बसला.

"आज आप्पासाहेब आल्ते आईकडं," ती म्हणाली. "झाड लावायच्या कार्यक्रमाला बोलवायला. रडले की वो बसल्या बसल्या. एवढा मोठा मानूस. आई म्हनल्या, रडू द्या त्यांना, त्यांचं कोन हाय." तिनं पीठ हातावर घेतलं. "आपलं बरंय. आपल्याला झाड आयतंच मिळालं."

सांडू उठून बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी काम सुटल्यावर तो आप्पासाहेबांच्या दारात जाऊन उभा राहिला. चपला पायरीखाली काढल्या. आप्पासाहेब आत एकटेच होते. भिंतीशी कपाटावर बायकोचा फोटो, त्याच्यापुढं लाल फडक्यानं तोंड बांधलेला छोटा तांब्या. खुंटीवर बायकी छत्री तशीच लटकत होती.

"बोला. पगाराचं काही असेल तर मॅनेजरकडे जा."

"पगाराचं नाय साहेब. त्या जागेचं."

"पुन्हा तेच?"

"साहेब, ती जागा..." पाठीमागून चौथ्या बंगल्यातल्या बाई वाटी घेऊन आल्या. दारात उभ्या असलेल्या सांडूला वळसा घालून त्या आत गेल्या आणि वाटी टेबलावर ठेवत म्हणाल्या, "काय म्हणतोय हा? काम टाळत असेल. हे लोक जमीन विकून मोकळे झाले, पण अजून वाटतं ह्यांचीच आहे."

आप्पासाहेब ओशाळल्यासारखे झाले. "नाही नाही, सांडू तसे नाहीत. बोला हो तुम्ही."

सांडू त्या लाल फडक्याकडं बघत होता. "मशीन नको म्हनतो मी. दगडात फसंल. हातानं खांदतो. सकाळच्या पारी लागलो की हून जातं."

"वा! मग हेच आधी सांगायचं." आप्पासाहेब उठून दारापर्यंत आले. "नीट चौकोनी काढा हं. तिला वेडंवाकडं आवडायचं नाही."

मंगळवारी तांबडं फुटता फुटता सांडू हिरवळीवर आला. टिकाव, फावडं, घमेलं आणि पहार आणली होती. आधी त्यानं फावड्याच्या पात्यानं वाळलेल्या गवताच्या वड्या कापून बाजूला लावल्या. मग माती सारली. वीतभर खाली पहिला दगड दिसला, काळा, चपटा, मधून पांढरी रेघ गेलेला. बांधावरचाच. त्यानं टिकाव ठेवून दिला आणि बोटं खाली घालून दगड सुटा केला.

उजाडलं तशी माणसं फिरायला बाहेर पडली. बाकापलीकडं हास्यक्लबची मंडळी गोल करून उभी राहिली. त्यांनी हात वर केले. हो हो, हा हा हा. एक आजोबा मधे उभे राहून आकडे मोजत होते. सगळे हात खाली आले, पुन्हा वर गेले. हो हो, हा हा हा.

सांडू गुडघ्यावर बसून एकेक दगड दोन्ही हातांनी वर घेत होता आणि आवाज न करता गवतावर ठेवत होता. दगड संपले. खालची माती बाजूच्या मातीपेक्षा जरा भुसभुशीत होती, रंगानं किंचित गडद. तो हातानं उकरत गेला. माती बोटांत चोळून बघू लागला. हाड नव्हतं. धागा नव्हता. एवढं कोवळं हाड इतक्या पावसाळ्यांत विरून जाणारच. तरी तो बघत राहिला. मूठभर माती, पुन्हा मूठभर माती. कुठून कुठवरची माती लेकराची आणि कुठून नुसतीच, ते काही केल्या कळेना. तेव्हा त्यानं खड्ड्यातली सगळीच घमेल्यात भरायला घेतली.

पहिलं घमेलं खांद्यावर घेऊन तो हिरवळ ओलांडून मागच्या फाटकाकडं गेला आणि लिंबाच्या बुडाशी ओतून आला. हबीब खुर्चीवरून उठून उभा राहिला.

"अहो, तिकडे कुठे?" मॅनेजर ओरडला. "ट्रॅक्टर येणार आहे, बाहेर टाकायचीय ती."

"झाडाला आळं करतो," सांडू म्हणाला आणि परत खड्ड्यात उतरला.

त्याच वेळी सारजाबाई लक्ष्मीबाईंची चाकाची खुर्ची ढकलत फरशीच्या वाटेनं आली. रोज ती बाकापाशी खुर्ची थांबवून म्हातारीच्या पायावर ऊन घेई. आज जरा अलीकडंच थांबली.

तिला आधी दिसल्या त्या चपला. सांडूच्या चपला खड्ड्यापासून लांब, गवताच्या कडेला, जोडीनं काढून ठेवलेल्या होत्या. काट्यांत, मुरमात, उन्हात तापलेल्या वाफ्यात कधी त्यानं चप्पल काढली नव्हती. मग तिनं गवतावर ओळीनं ठेवलेले दगड बघितले. मग त्याचे हात. मग फाटकाशी, लिंबाखाली, ओल्या मातीचा तो लहान ढीग.

"काय ग सारजा, थांबलीस का?" लक्ष्मीबाई म्हणाल्या.

ती खुर्चीची मूठ धरून उभी राहिली. हास्यक्लबचे हात वर गेले, खाली आले.

"आई, तुमाला सावलीत लावते," ती म्हणाली. तिनं खुर्ची पायऱ्यांशी नेली, चाकाला अडण लावली, म्हातारीच्या मांडीवरची शाल नीट केली. मग हिरवळीवर उतरली आणि वाटेत आपल्याही वहाणा काढल्या.

सांडूनं घमेलं काठोकाठ भरलं होतं. एकट्यानं उचलायला ते जड होतं आणि तो कुणाचा तरी हात लागावा म्हणून मान वर करून बघत होता. समोर ती उभी होती. तो गुडघाभर खड्ड्यात आणि ती वर. त्याचं तोंड उघडलं.

"बोलू नका काई," ती म्हणाली. पदराची चुंबळ करून तिनं डोक्यावर ठेवली आणि खाली वाकली. "माझ्या डोक्यावर द्या."

"सारजा..."

"द्या म्हनते ना. तवा न्हाई नेऊ दिलं मला."

त्यानं घमेलं उचललं. तिनं ते दोन्ही हातांनी धरलं, मान सावरली आणि चालू लागली. कडेनं थोडी माती तिच्या कपाळावर, भुवईवर सांडली. ती पुसायला तिला हात मोकळा नव्हता.

"सारजाबाई!" मॅनेजरनं हाक मारली. "आजींना एकटं सोडून तुम्ही कुठं चाललात? तुमची ड्युटी आहे ती. तुम्हाला माळीकामाचं कुणी सांगितलं?"

ती थांबली नाही. पायऱ्यांपासून लक्ष्मीबाईंचा बारीक आवाज आला, "असू द्या हो. मी कुठे पळून जातेय." गोलातल्या दोघी-तिघी हसल्या.

ती परत आली, पुन्हा घमेलं घेतलं, पुन्हा गेली. सांडू भरत होता, ती नेत होती. शेवटी खड्ड्याच्या तळाला मुरूम लागला, पांढरट, कठीण, कधी न हललेला. तेव्हा त्यानं फावडं टेकवलं.

कार्यक्रम दहा वाजता झाला. खुर्च्या मांडल्या होत्या. कुणीतरी भजन म्हटलं. आप्पासाहेब लाल फडक्याचा तांब्या घेऊन खड्ड्याच्या काठाशी आले, पण गुडघे वाकेनात. काठीवर भार देऊन त्यांनी दोनदा प्रयत्न केला. मग त्यांनी सांडूकडं बघितलं.

"तुम्हीच ठेवा. हळू ठेवा हं."

"हळूच ठेवतो साहेब."

सांडू खड्ड्यात उतरला. तांब्या दोन्ही हातांवर घेतला, फडकं सोडलं आणि राख मुरमावर एका बाजूला अलगद ओतली. वरून नर्सरीची लाल माती टाकली. झाड उभं केलं. आप्पासाहेब पाटीवरचं नाव हातातल्या रुमालानं पुसत राहिले. पेढे वाटायला सारजाबाईच्या हातात ताट दिलं होतं. तिच्या भुवईवर माती तशीच होती. बहुतेकांनी पेढा घेताना तिच्याकडं बघितलं नाही.

रात्री तिनं भाकरी वाढली आणि चूल विझवली.

आखितीला दुपारी तिनं घरातला करा भरला, पूजा केली आणि बाटली घेऊन निघाली. सांडू तिच्या मागं चालू लागला. इतक्या वर्षांत तो या दिवशी कधी तिच्याबरोबर आला नव्हता. फाटकाशी हबीब होता. त्यानं बाटलीकडं बघितलं आणि मान दुसरीकडं केली.

मॅनेजरनं ढिगाबद्दल कटकट केली होती, म्हणून सांडूनं ती माती लिंबाच्या भोवती पसरून गोल आळं केलं होतं. सारजाबाई आळ्याच्या काठाशी बसली. बाटलीचं झाकण उघडून पाणी थोडं थोडं सोडू लागली. कोरडी माती आधी पाणी घेईना, मग हळूहळू काळी होत गेली.

"डोकं कुनीकडं केलं व्हतं?" तिनं विचारलं.

सांडू उभाच होता. "घराकडं."

तिनं मान वळवली. घर होतं तिथं आता क्लबहाउसच्या काचा उन्हात चमकत होत्या. बाटलीतलं उरलेलं पाणी तिनं त्या बाजूला ओतलं.

"अंगावर काई घातलं व्हतं का तसंच?"

"तुझं निळं लुगडं. दोरीवर वाळत व्हतं ते."

तिनं बाटली उपडी करून शेवटचे थेंब झटकले.

"मी ते लई दिस हुडकलं," ती म्हणाली.